बांधाखाली गेलेला चेंडू

छापखान्याच्या गोदामात दारापासून कागदाच्या पहिल्या थप्पीपर्यंत बरोबर सहा पावलं आहेत. ती मी मुद्दाम मोजली नाहीत, पायांनीच मोजली. मार्गशीर्ष सरत आला, पुण्याच्या गल्ल्यांतून सकाळचा शेकोटीचा धूर रेंगाळायला लागला, की माझं एका जागी बसणं संपतं. हातात यादी असते. कुठला कागद किती उरला, शाई कधी मागवायची, कुठल्या यंत्राचा पट्टा बदलायला झालाय. ती वाचत मी दारापासून थप्पीपर्यंत जातो, वळतो, परत दारापाशी येतो. सहावं पाऊल पडलं की उजवा खांदा आपोआप मागं जातो. आमचे हमाल रामभाऊ एकदा म्हणाले, "सायेब, खांदा धरलाय जणू. तिळाचं तेल चोळा." मी बरं म्हणालो आणि यादीत तेल लिहिलंसुद्धा.

खांदा धरलेला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी, याच दिवसांत, त्याला एक प्रश्न विचारला गेला होता. त्याच्या वतीनं मी जे उत्तर दिलं ते त्याला अजून पटलेलं नाही.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या उतारावर आमची वाडी आहे. तिथं सपाट जागा म्हणाल तर ती भाताच्या खाचरांतच. डोंगरावर एकाखाली एक, पायऱ्यांसारखी खाचरं, आणि दोन खाचरांच्या मध्ये छातीएवढा बांध. पावसाळाभर त्यांत पाणी, चिखल आणि वाकलेल्या पाठी. पण भात कापून, झोडून घरात येऊन पडलं की तीच खाचरं मोकळी होतात. धसकटं वाळून तळपायांना टोचतात, उन्हाला पेंढ्याचा गोडसर वास येतो, आणि संध्याकाळची थंडी ओढ्याकडून एकेक बांध चढत वर येते.

आमच्या लहानपणी कुणीतरी भोरहून क्रिकेट शिकून आलं आणि वाडीत ते रुजलं. म्हातारी माणसं त्याला चेंडूफळी म्हणत. कारवीच्या काठ्यांचे स्टंप, पांगाऱ्याच्या फळीची बॅट, आणि चेंडू घरचा. आत हिरडा, त्यावर चिंध्या, त्यावर सुतळी, आणि सगळ्यावरून जुन्या वहाणेचं कातडं शिवलेलं. भात झोडायला खाचरात शेणानं सारवून कडक केलेलं खळं असायचं. झोडणी संपल्यावर तीच आमची खेळायची पट्टी.

खाचराची रुंदी ठरलेली. चेंडू टाकायला मागं सरकलं की सहाव्या पावलाला पाठ कडेच्या बांधाला लागायची. म्हणून माझी धाव सहा पावलांची. आणि बॅटवाल्याच्या एका अंगाला उतार. कुणी चेंडू उचलून मारला की तो खालच्या खाचरात, तिथून उसळून त्याच्या खालच्या खाचरात, आणि कधी थेट ओढ्याकाठच्या वालाच्या वेलांत. चेंडू एकच. तो सापडेपर्यंत बाकीच्यांनी बांधावर पाय सोडून बसायचं, आणि तोवर ऊन तोरण्यामागं गेलेलं. त्यामुळं आमच्या वाडीचा नियम होता, खाली गेला की बाद. ज्यानं मारला त्यानंच आणायचा, आणि धापा टाकत परत येईतो बॅट दुसऱ्याच्या हातात.

चेंडू दाबून ठेवायचा, पायाशी मारायचा, अंगाबाहेर जाऊ द्यायचा, हे आम्ही चालायला शिकावं तसं शिकलो. माझ्या बॅटवर चेंडू यायचा आणि दमून खाली बसायचा. आईसुद्धा जेवायला वाढताना विचारायची, "आज खाली न्हाई ना घातलास?" नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं. पोरगं कुणाला ताटकळत ठेवत नाही, एवढंच तिला त्यातलं कळायचं.

पुढं इंग्रजी शाळेसाठी मी भोरला मामांकडं राहायला गेलो. संस्थानाचे दिवस होते. शाळेचं मैदान नीरा नदीच्या काठाला. नदीच्या अंगाला एक बुटका दगडी बांध, बांधापलीकडं उतार, उताराखाली पाणी. मैदानात काथ्याची चटई अंथरून तिच्या कडा खिळ्यांनी ठोकायच्या, मग खेळ. तांबडा कातडी चेंडू पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी आधी त्याचा वास घेतला. आमचे ड्रिलमास्तर, ज्यांना सगळी शाळा नुसतं मास्तर म्हणायची, माझी धाव बघून वैतागले. "अरे, एवढं मैदान पडलंय. पंधरा पावलं पळ, वीस पळ." मी पंधरा पावलं पळून पाहिली. चटईपाशी पोहोचेपर्यंत हात कुठं आणि पाय कुठं तेच कळेना. सहा पावलांवर परत आलो. मागं मोकळं मैदान होतं, पण पाठीला मात्र बांध टेकलेला असायचा. मास्तरांनी चार दिवस बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. सहात एवढा वेग येतोय तर सहाच घे."

दुसऱ्या टोकानं चेंडू टाकायचा उस्मान. भोरच्या पेठेत त्याच्या वडिलांचं पत्र्याचं दुकान होतं. कंदील, चाळण्या, पेट्या. शाळा सुटली की उस्मान तिथं बसून पत्रा ठोकायचा. त्यातून त्याची मनगटं अशी झाली होती की हस्तांदोलन करताना मुलं हात मागं घेत. तो हसत हसत चेंडू टाकायचा आणि हसत हसत बॅट फिरवायचा. बॅट त्याला मिळायची मात्र क्वचित. मलाही. आमच्या संघात वरचे नंबर कारकुनांच्या आणि मानकऱ्यांच्या मुलांचे. चेंडू टाकणं हे राबणं समजलं जाई. सकाळपासून ऊन डोक्यावर येईतो पळायचं, गडी बाद करायचे, आणि आपल्या हातात बॅट यायची ती सगळ्यांची हौस फिटल्यावर, तीही कुणी शिल्लक ठेवली तर. आम्हा दोघांनाही बॅट हवी होती. मला का हवी होती ते मी तेव्हा कुणाला सांगू शकलो नसतो. वाडीत जी फळी पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात फिरायची, तिला इथं मालक होते. ते मला सोसत नव्हतं, असं आज वाटतं.

त्या हंगामात पुण्याच्या एका शाळेचा संघ एका दिवसाच्या सामन्याला भोरला यायचा होता. पौषातली गोष्ट. मास्तरांनी आम्हा दोघांना चिंचेखाली बोलावलं. चौथ्या नंबरचा मुलगा आजारी पडून गावी गेला होता.

"चौथा नंबर तुम्हा दोघांपैकी एकाला देतो," मास्तर म्हणाले. "दोघांना काही देता येणार नाही. तुमच्याशिवाय मला बोलर नाहीत. जो चौथा जाईल त्याच्याकडून मी निम्मीच बोलिंग घेईन, हात राखायला हवा. दुसऱ्यानं दिवसभर एक टोक धरायचं आणि अकरावं खेळायला यायचं. कोण कुठं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"चिठ्ठ्या टाकू का, मास्तर?" उस्माननं विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून संघ होत नाही. तुमचे हात तुम्हाला ठाऊक. सख्या, तुझं अक्षर बरं आहे. पुढच्या शुक्रवारी अकरा नावांची यादी लिहून माझ्याकडं दे."

आयुष्यातली माझी पहिली यादी ती. त्यानंतर शेकडो केल्या.

मैदानावरून पेठेकडं येताना उस्मान वाटेतले खडे पायानं उडवत होता. मग म्हणाला, "सख्या, माझं ह्ये शेवटचं वरीस. शिमगा झाला की अब्बांनी दुकानात बसायला सांगितलंय. बॅट मिळाली तर ह्याच सामन्यात मिळंल."

"मग तू घे चौथा."

"घे म्हणून देतोस व्हय? उद्या सगळी शाळा म्हणंल, वेल्हेकरानं दिला म्हणून खेळला." तो थांबला. "तसं नगं. आठ दिस हायेत. तू मला टाक, मी तुला टाकतो. तू वहीत लिही. जो कमी बाद हुईल त्यो चौथा."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर मी दिसभर टाकीन आन् अकरावा येईन. मुकाट."

ते आठ दिवस मी कुठंही धड बसलो नाही. गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखायचे. एकावर 'फक्त बोलिंग', दुसऱ्यावर 'दोन्ही'. पहिल्या रकान्यात लिहायचं, हात एकाच कामात मुरेल, सहा पावलांतला वेग आणखी वाढेल, मास्तर म्हणतात, असा बोलर त्यांनी या भागात पाहिला नाही. दुसऱ्या रकान्यात फार काही लिहिता यायचं नाही. नुसतं 'बॅट' असं लिहून मी त्याखाली रेघ मारायचो. दुसऱ्या दिवशी पान फाडून परत आखायचो. मामा म्हणाले, "एक काय ते नीट धर." मामी म्हणाल्या, "आधी जेवताना तरी मांडी घालून बस." मी उभ्यानं भाकरी खात होतो.

अजूनही माझं असंच आहे. छापखान्यात मी साठा बघतो आणि मुद्रितंही तपासतो. मालकांनी दोनदा सांगितलं, एकच घ्या, पगार तोच राहील. मला एक सोडवत नाही. साठ्यात असलो की मुद्रितांकडं कान असतात, मुद्रितांत असलो की गोदामाचं दार उघडं राहिलं असेल असं वाटतं. दोन्ही कामं वेळेवर होतात, कारण मी याद्या नीट करतो. पण दोन्हीपैकी एकातही पोटभर बसल्याचं मला आठवत नाही.

आठ संध्याकाळी आम्ही खेळलो. रोज तीस चेंडू त्यानं मला, तीस मी त्याला. दोघंच असल्यामुळं धावांचा प्रश्न नव्हता. नुसतं बाद किती वेळा तेवढं मोजायचं. बाद झाला की वहीत एक उभी रेघ. वही चटईच्या कडेला दगडाखाली असायची आणि लिहायचं काम माझं. उस्माननं कधी वाकूनही बघितलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं माझा एक चेंडू असा उचलला की तो दगडी बांधावरून उताराला लागला आणि खाली नदीत गेला. उस्मान बॅट खांद्यावर टाकून बघत उभा राहिला, मग स्वतःच पळत सुटला आणि ओल्या चेंडूसह, ओल्या धोतरानं वर आला. तोवर मी वहीपाशी जाऊन एक रेघ मारली होती. आणि बाद कसा झाला ते कळावं म्हणून रेघेशेजारी बारीक अक्षरात 'खाली' असं लिहिलं होतं.

शाळेच्या सामन्यांत बांधापलीकडं गेलेल्या चेंडूला सहा धावा मिळतात, हे मी दोन वर्षं पाहत होतो. पण माझ्या हाताच्या लेखी ते सामन्यापुरतं होतं. सरावाला चेंडू एकच होता, तो बांधाखाली गेला होता, खेळ थांबला होता. हातानं वाडीचा नियम लावला आणि डोक्यानं त्याला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी तीनदा. दर वेळी रेघ आणि शेजारी 'खाली'.

गुरुवारी संध्याकाळी मामांच्या ओटीवर बसून मी बेरीज केली. माझे पाच. उस्मानचे पंधरा.

पंधरा हा आकडा मला मोठा वाटला. उस्मान तसा सारखा बाद होणारा नव्हता. म्हणून मी पुन्हा एकेक रेघ बोटाखाली धरून वाचली. अकरा रेघांशेजारी 'खाली' होतं. ते अकरा वगळले तर उरत होते चार. चार आणि पाच.

मी पेन्सिल ठेवली. परसात गेलो, हात धुतले, परत आलो. पुन्हा परसात गेलो. मामी म्हणाल्या, "काय हरवलंय?" काही नाही म्हणालो. ओटीवर फेऱ्या घालताना मनात एकच वाक्य घोळत होतं. नियम दोघांना एकच लावलाय. ते खोटं नव्हतं. आठ दिवसांत मी एकदाही चेंडू खाली घातला नव्हता, घातला असता तर मीही रेघ मारली असती. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की अंधार पडेपर्यंत ते मला न्यायाचं वाटायला लागलं. मग मी अकरा नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. चौथा मी. अकरावा उस्मान.

सकाळी तो शाळेच्या फाटकातच भेटला. "किती रे?"

"मी पाच. तू पंधरा."

"पंधरा?" हातातला चेंडू त्यानं दुसऱ्या तळव्यावर आपटला. "एवढा झालो व्हय बाद?"

"वही बघतोस?" मी विचारलं. वही मी पुढं केली होती. पण अशी धरली होती की घ्यायची असेल तर त्याला ओढून घ्यावी लागली असती.

"वही काय बघायची? तू लिहिलंस न्हवं?" तो म्हणाला. "चल, दिसभर टाकतो आता. तू बॅट कर."

सामन्याच्या दिवशी उस्माननं नदीकडचं टोक सकाळी धरलं ते पुण्याचा शेवटचा गडी बाद होईपर्यंत सोडलं नाही. सहा गडी त्याचे. दुसऱ्या टोकानं मी निम्मी बोलिंग केली, तीही राखून. पुढं बॅट धरायची आहे हे खांद्याला ठाऊक होतं आणि तो पुरता फिरत नव्हता. आयुष्यातली माझी सगळ्यांत मचूळ बोलिंग ती. पुण्याच्या मुलांनी शंभराच्या आतच धावा केल्या.

मग मी चौथा गेलो. ज्या फळीसाठी आठ दिवस उभ्यानं जेवलो ती हातात आली आणि मी तिनं काय केलं, तर उभा राहिलो. दुपार सरली, ऊन कललं, समोरची मुलं येत होती आणि जात होती, मी उभा होतो. चेंडू बॅटवर येऊन दमून खाली बसत होता. पुण्याच्या कप्तानाच्या लक्षात आलं की हा उचलून मारत नाही. त्यानं बांधाजवळची सगळी मुलं आत बोलावून माझ्याभोवती उभी केली. नदीच्या अंगाला एक माणूस राहिला नाही. माझ्या धावा कशाबशा वीस-बावीस झाल्या असतील.

ऊन डोंगराला टेकलं तेव्हा आमचे नऊ बाद होते. वेळ संपायला दोन ओव्हर उरल्या होत्या आणि हव्या होत्या अकरा धावा. उस्मान आला. सकाळपासून चेंडू टाकून त्याचा सदरा पाठीला चिकटून वाळला होता. आल्या आल्या दुसऱ्याच चेंडूला त्यानं बॅट फिरवली. चेंडू बांधावरून गेला, उताराला लागलाच नाही, सरळ पाण्यात पडल्याचा आवाज आला. काठावरची पोरं नदीत उतरली. बाकीचे चार चेंडू पुण्याच्या मुलानं शहाणपणानं लांब टाकले.

शेवटची ओव्हर खेळायला मी समोर. हव्या होत्या पाच. किंवा एक, म्हणजे उस्मान समोर आला असता.

"सख्या, एक काढ," तो पलीकडून म्हणत होता. "नुसता एक."

सहा चेंडू मी खेळलो. पाचवा उंच आणि सैल आला, छातीएवढा, टप्पा न पडता. तो उचलायला मनगट लागत नव्हतं, नुसतं बॅट वर जाऊ द्यायची होती. समोर नदीपर्यंत कुणी नव्हतं. बॅट खाली आली आणि चेंडू माझ्या पायाशी बसला. सहावासुद्धा.

वेळ संपली, शेवटचा गडी पडला नव्हता, म्हणून सामना अनिर्णित राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला, शेवटपर्यंत पडला नाही म्हणाले. उस्मान पॅडचे पट्टे सोडत चटईच्या कडेला बसला होता.

"लई टिकलास," तो म्हणाला. मग मान वर करून, "त्यो उंच आलेला, त्यो का न्हाई उचललास?"

"बाद झालो असतो."

"कसा? तिकडं तर कोणच नव्हतं."

त्याच्या तोंडावर राग नव्हता, त्याला खरोखरच उलगडत नव्हतं. शिमगा झाला आणि तो दुकानात बसला. दोन वर्षांनी मी पुण्याला आलो. एका संघाच्या कप्तानानं विचारलं, बोलर म्हणून येणार की दोन्ही? मी म्हणालो, कळवतो. अजून कळवायचंय.

यंदा गावी जायच्या यादीत मी एक ओळ जास्तीची घातली. जमिनीचा उतारा काढायला भोरच्या कचेरीत जायचं होतंच. संस्थान गेलं, कचेरीवरची पाटी बदलली, आतली मंडळी बरीचशी तीच आहेत. तिथलं काम तासाभरात झालं आणि मी पेठेत उस्मानच्या दुकानाशी गेलो. तो कंदिलाच्या बुडाला कथलाचा डाग देत होता. केस पांढरे, मनगटं तशीच.

"आलास? बस की."

"बसवत नाही."

"तू कवा बसला व्हतास?" त्यानं हातातलं काम न सोडता पायानं पाट पुढं सरकवला.

मी उभाच राहिलो. "उस्मान, तुमच्या आळीत लहानपणी चेंडू नदीत गेला की काय करायचे?"

"काय करायचे म्हंजी? नदीत गेला की सहा. आन् समदी पोरं कापडं टाकून पान्यात. ज्याला घावला त्याची पुढची बॅट." तो हसला. "आमी तर वाट बघायचो, कोन कवा नदीत घालतोय."

वाडीत काय, आळीत काय, चेंडू एकच असायचा, आणि तो आणायचा कसा यावरून माणसं वेगळी होत होती. मी त्याला वाडीचा नियम सांगितला. मग वहीतल्या अकरा रेघा सांगितल्या, आणि गुरुवारची संध्याकाळही. गुरुवारी मला कळलं होतं, हेही.

त्याच्या हातातली सळई निवत गेली. "म्हंजी पंधरातले अकरा..."

"हो."

"राहिले चार. आन् तुझे पाच."

"पाच."

पेठेतून एक गाडी गेली. बैलांच्या घुंगरांचा आवाज पार लांब जाईतो तो कंदिलाचं बूड बोटांनी फिरवत राहिला. "वही हाय अजून?"

"वाडीला पेटीत असेल. तुझ्या वडिलांनी केलेल्या पत्र्याच्या पेटीतच."

"घेऊन ये परत जाताना. पोराला म्हनतो, तुजा बाप बोलरला नदीत घालायचा, तर हसतंय. म्हनतंय, बघितलंय कुनी? अकरा लिहिलेत न्हवं?"

"अकरा. कुठल्या दिवशी किती, तेही."

"मग आन."

मी निघेना. "आणि चौथ्या नंबरचं?"

"त्येचं काय?" सळई त्यानं पुन्हा निखाऱ्यात घातली. "त्यो तू खेळलास."

नसरापूरहून वेल्ह्यापर्यंत बैलगाडीत आणि वेल्ह्याहून वर पायी, सगळा वेळ मी काहीतरी मोजत होतो. खाचरं, बांध, वाटेतले आंबे. घरी पोहोचून पहिल्यांदा पेटी उघडली. वही होती. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण रेघा शाबूत, आणि प्रत्येक 'खाली' वाचता येत होतं. कोटाच्या आतल्या खिशात ती ठेवली आणि बाहेर आलो, कारण घरात बसवेना.

आमच्याच खाचरात पोरं खेळत होती. कारवीचे स्टंप, खळ्याची पट्टी. माझ्या चुलतभावाचा गेनू बॅटवर होता. पुण्याहून आलेला काका म्हणून त्यांनी मला बांधावर बसवलं आणि कोण किती वेळा बाद ते लक्षात ठेवायला सांगितलं. मी दोन चेंडू बसलो आणि उठून उभा राहिलो.

तिसरा चेंडू गेनूनं उचलला. बॅटचा आवाज कोरडा आणि भरीव आला. चेंडू पहिला बांध ओलांडून गेला, दुसरा, खालच्या खाचरात एकदा उसळला आणि वालात दिसेनासा झाला. तो टेकायच्या आधीच सगळी पोरं एका सुरात "बाद" म्हणून मोकळी झाली. गेनूनं तक्रार केली नाही. बॅट खाली ठेवली आणि मुकाट्यानं बांध उतरायला निघाला.

"थांब गेनू," मी म्हणालो. "बाद नाही. सहा."

"काका, खाली गेला की त्यो."

"गेला. म्हणूनच सहा."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. चेंडू टाकणारा त्यांतला जरा मोठा, त्यानं रास्त मुद्दा काढला. "असं केल्यावर समदीच खाली मारतील. मग आनायचा कुनी?"

"मी आणतो."

"तीन बांध हायेत, काका," तो हसू दाबत म्हणाला. "दिस बुडंल तुमी येईपतूर."

मी कोट काढला नाही. पहिला बांध बसून उतरलो, दुसरा हात टेकून, तिसऱ्याला गुडघा खरचटला. वालाच्या वेलांत दव पडायला लागलं होतं. चेंडू एका आळ्यात बसला होता, वहाणेचं कातडं उसवलेलं, आतून सुतळी दिसत होती. तो घेतला आणि वर फेकायला मागं सरकलो. सहाव्या पावलाला पाठ ओढ्याकडच्या बांधाला लागली. पळालो, फेकला. खांदा पुरता फिरला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. चेंडू दुसऱ्या खाचरापर्यंतच पोहोचला आणि वरून एक पोरगं हसत उड्या मारत तो न्यायला उतरलं.

"आता वर या की, काका," गेनू बांधावरून ओरडला.

"नको. मी हितंच बरा आहे. तू मार."

त्याला ते लगेच खरं वाटलं नाही. बराच वेळ तो वाकून माझ्याकडं बघत राहिला. मग दिसेनासा झाला. मी वालाच्या कडेला, कमरेवर हात ठेवून उभा होतो. वरचं काही दिसत नव्हतं, नुसते तीन बांध आणि त्यांच्यावर तांबडं झालेलं आभाळ. चेंडू टाकणाऱ्याची पावलं मात्र स्वच्छ ऐकू येत होती. मी ती मोजली. सहावं पडलं, आणि मी दोन्ही हात मोकळे करून वर बघायला लागलो.